जोडीने गाणी रचणाऱ्यांसाठी: भजनाची बैठक की जाखडीचा फेर?

कोकणात जोडीने गाणी रचून गाणाऱ्या दोघांची घडण बहुधा भजनात झालेली असते किंवा जाखडीत, म्हणजे फेर धरून नाचत गायच्या लोककलेत. सिंधुदुर्गातील डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा स्वतः हार्मोनियम वाजवत रूपावली (देवाच्या रूपाचे वर्णन), अभंग, गौळण आणि गजर असा क्रम चढवत नेतो. त्यामुळे सूर पक्का होतो, पखवाजावर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) येण्याची सवय लागते आणि समोरच्या बुवाला तिथल्या तिथे उत्तर देण्याची हजरजबाबीही अंगी येते. मात्र बारीची (एका बुवाच्या सादरीकरणाची) सूत्रे एकाच बुवाच्या हाती असतात व बाकीचे कोरस धरतात, म्हणून बरोबरीच्या भागीदारीचा सराव इथे कमी मिळतो.

रत्नागिरीकडच्या जाखडीत शक्ती आणि तुरा हे दोन पक्ष गणापासून (गणेशवंदनेपासून) सवाल-जवाबापर्यंत एकमेकांना शब्दांत अडकवतात. एकाने पद रचायचे आणि दुसऱ्याने ते गायचे, अशी वाटणीही इथे रुळलेली आहे. मध्ये बसलेल्या गायकाभोवती घुंगरांचे चाळ बांधलेली पावले फिरत असल्याने ओळ लांबली की फेराचा ठेकाच बिघडतो, आणि कवीला शब्द छाटावेच लागतात. चालींची विविधता मात्र भजनात अधिक. जाखडीत हल्ली लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली सर्रास उचलल्या जातात, हे खटकते.

एक जण भजनातला आणि दुसरा जाखडीतला असेल, तर चाल पहिल्याने बांधावी व शब्दांवरचा शेवटचा अधिकार दुसऱ्याकडे ठेवावा. दोघेही भजनातलेच असतील, तर पेटी कोणी धरायची हे आधीच ठरवलेले बरे.