प्लग-इन हायब्रिड: विकत घ्यावी की लीजवर? डीलरसमोर बसण्याआधीचा हिशोब

अमेरिकेत प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवरही चालणारी आणि प्लगला लावून चार्ज होणारी गाडी) घ्यायची तर ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत फार डोकं लावावं लागत नव्हतं. जपान-कोरियात बनलेली गाडी विकत घेतली तर फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे केंद्र सरकारच्या करातली थेट सूट, नाही. तीच लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षं हप्ते भरून वापरायला घेतली तर लीज कंपनीला व्यावसायिक वाहनाचं क्रेडिट मिळे, ७,५०० डॉलरपर्यंत, आणि बऱ्याच कंपन्या ते ग्राहकाच्या हिशोबात उतरवत. म्हणून जो तो लीज करत होता. आता विकत घेण्यावरचं आणि लीजवरचं, दोन्ही क्रेडिटं बंद झाली आहेत, पण "लीजच परवडते" हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतोय.

विकत घ्या नाहीतर लीज करा, आधी ठरवायचा तो गाडीचा भाव. म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सवलती लागण्याआधीची सेलिंग प्राइस. लीजमध्ये भावाची घासाघीस होत नाही हा गैरसमज आहे. लीजच्या कागदावरची कॅप कॉस्ट, म्हणजे हप्ते ज्या रकमेवर काढतात ती, याच भावावरून निघते, आणि तिथे सोडलेला प्रत्येक डॉलर तुम्ही हप्त्यातून भरता. समजा ४५,००० डॉलर एमएसआरपीच्या (कंपनीने सुचवलेल्या छापील किमतीच्या) गाडीवर डीलर म्हणतो, "तुम्हाला ४,००० सूट." खोदून विचारलं की कळतं, ३,००० कंपनीची रोख सवलत, डीलरच्या खिशातले फक्त १,०००. कंपनीची सवलत तर शेजारच्या डीलरकडेही तेवढीच मिळणार आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कोणाचं काय जातं? म्हणून विचारायचं एकच: कंपनीचे पैसे बाजूला ठेवून तुम्ही किती सोडता?

विकत घेणाऱ्यासाठी २०२५ च्या कायद्याने एक नवं गाजर आणलं आहे. गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतं, २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी. लीजला ही वजावट नाही. सेल्समन एवढं सांगून थांबतो. अटी अशा की गाडी नवी हवी आणि तिची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याचं पहिलं अक्षर बघा. १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेतली, जे असेल तर जपानची, के असेल तर कोरियाची. प्रियस प्लग-इन आणि आउटलँडर जपानमधून येतात, टुसॉन आणि स्पोर्टेज प्लग-इन कोरियातून. म्हणजे सामान्य बजेटातल्या गाड्या बहुतेक बादच. साउथ कॅरोलायनात बनणारी बीएमडब्ल्यू एक्स५ बसते, पण ती घेणाऱ्याचं उत्पन्न आडवं येतं. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर २ लाख डॉलरच्या वरच्या प्रत्येक १,००० मागे वजावटीतले २०० कापले जातात. वर्षाचं व्याज २,००० असेल तर २ लाख १० हजार उत्पन्नाला वजावट शून्य. दोघंही आयटीत असलेल्या घराने हे गाजर विसरून जावं. ज्यांना मिळेल त्यांनाही २,००० व्याजावर, २२ टक्क्यांच्या टप्प्यात, ४४० डॉलर वाचतील. एवढ्यासाठी कोणी भावात ढिलाई करू नये.

विकत घेताना बऱ्याचदा कमी व्याजदर किंवा रोख सवलत यांतलं एकच निवडावं लागतं. क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेकडून) आधी कर्जाची मंजुरी घेऊन ठेवा, मग डीलरच्या फायनान्स ऑफिसने सांगितलेला दर ताडून बघता येतो. त्या दरात डीलर स्वतःचं कमिशन मिसळू शकतो.

लीजमध्ये हेच कमिशन जास्त लपतं, कारण तिथे व्याजदर दाखवतच नाहीत. दाखवतात मनी फॅक्टर, ०.००२५० असा काहीतरी क्षुल्लक वाटणारा आकडा. त्याला २,४०० ने गुणा: ६ टक्के. समजा कॅप कॉस्ट ४२,०००, ३६ महिन्यांनंतरची रेसिड्युअल किंमत, म्हणजे लीज संपताना गाडीची उरेल असं आधीच धरलेली किंमत, २५,०००. घसारा महिन्याला ४७२ डॉलर. व्याजाचा भाग म्हणजे दोन्ही रकमांची बेरीज गुणिले मनी फॅक्टर: ६७,००० गुणिले ०.००२५, म्हणजे १६७.५०. लीज कंपनीचा मूळ दर ०.००१५० असेल तर हाच आकडा १००.५०. फरक महिन्याला ६७ डॉलर, तीन वर्षांत २,४१२. भावात घासून मिळवलेले २,००० डॉलर इथून गुपचूप परत जातात. रेसिड्युअल लीज कंपनी ठरवते, त्यावर वाद घालून उपयोग नाही. मनी फॅक्टरवर मात्र जरूर घाला.

कराचा प्रश्न राज्यागणिक बदलतो, आणि त्यावरून निकाल फिरू शकतो. कॅलिफोर्नियात लीजचा सेल्स टॅक्स हप्त्यावर लागतो, न्यू जर्सीत सगळ्या हप्त्यांवरचा सुरुवातीलाच, टेक्सासमध्ये गाडीच्या पूर्ण किमतीवर. डॅलसमध्ये तीन वर्षांसाठी लीज करून पूर्ण गाडीचा कर भरणं मला तरी पटत नाही. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर न्यू जर्सीत तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो, कॅलिफोर्नियात नाही. मग तिथे जुनी गाडी बाहेर विकून चार पैसे जास्त मिळत असतील तर बाहेरच विका. कॅलिफोर्नियात एकट्याने चालवतानाही कारपूल लेन वापरू देणाऱ्या स्टिकरचं आमिषही आता खोटं आहे. ती योजना संपली.

माझं मत असं: गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची असेल आणि घरी रात्री साध्या प्लगवर चार्ज करायची सोय असेल तर विकत घ्या. टोयोटाची हायब्रिड बॅटरी वॉरंटी १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची आहे, त्यामुळे बॅटरीच्या भीतीने लीजकडे वळायची गरज नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, तीन वर्षांनी इथे असू की पुण्यात हे माहीत नसेल, तर लीज मोहात पाडते. पण मधेच सोडायची वेळ आली तर लीज मोडणं फार महाग पडतं. विकत घेतलेली गाडी निदान विकता येते. म्हणून व्हिसावरच्या माणसालाही मी लीज तेव्हाच सुचवेन, जेव्हा कंपनीची लीजवरची सवलत विकत घेण्यावरच्या सवलतीपेक्षा घसघशीत असेल आणि मनी फॅक्टर वाढवलेला नसेल.

शोरूमला जाण्याआधी तीन-चार डीलरना हाच मजकूर ईमेलने पाठवा, इंग्रजी करून: "या स्टॉक नंबरच्या गाडीची सवलतींआधीची सेलिंग प्राइस, कंपनीच्या सवलती नावानिशी वेगळ्या, डॉक फी (डीलरचा कागदपत्रांचा आकार), कर आणि रजिस्ट्रेशन धरून एकूण रक्कम कळवा. लीजसाठी मनी फॅक्टर, रेसिड्युअल आणि अ‍ॅक्विझिशन फी (लीज सुरू करण्याचा आकार) हेही लिहा. पेंट प्रोटेक्शन, टायरमध्ये नायट्रोजन, काचेवरचं कोरीवकाम असल्या जादा गोष्टी नकोत." "एकदा येऊन तर जा" एवढंच उत्तर ज्याच्याकडून येईल, त्याला यादीतून काढा.