माउंट व्हर्नन की अ‍ॅकोकीक?

आई-बाबा वॉशिंग्टनला आलेत, वसाहतकाळातली शेती दाखवायला कुठे नेऊ, असं मावसभावानं विचारलं. माउंट व्हर्नन म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं घर आणि शेती; अ‍ॅकोकीकला जुन्या काळासारखं उभं केलेलं शेत. दोन्ही ठिकाणं पोटोमॅक नदीच्या समोरासमोरच्या काठांवर.

खर्च म्हणाल तर माउंट व्हर्ननला तिकीट. अ‍ॅकोकीकच्या नॅशनल कलोनियल फार्मला प्रवेश मोफत, पण गाडी हवीच. माउंट व्हर्ननला मेट्रो-बसनं जमतं.

बघायला मात्र माउंट व्हर्ननचं 16 बाजूंचं खळं! घोडे गोल फिरून गहू तुडवतात, दाणे फटींतून खालच्या मजल्यावर पडतात. बैलांची पात हाकलेले बाबा तिथून हलायचे नाहीत. 1799 मध्ये माउंट व्हर्ननला 317 माणसं गुलामीत होती, हेही सांगावं. पलीकडे अ‍ॅकोकीकला 1770 च्या दशकातलं साधं तंबाखू-शेतकऱ्याचं जगणं.

एकच फेरी, आई-बाबा सोबत असतील तर माउंट व्हर्नन. लहान मुलं, डबा आणि निवांत दुपार असेल तर अ‍ॅकोकीक.