‘थोडंसंच बाकी आहे’ म्हणत सात ड्राफ्ट

मी दादरला एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करते, राहायला डोंबिवलीत. लिहिते पहाटे साडेचार ते सहा. सहाला नळाला पाणी येतं, मग घर माझं राहत नाही.

दोन वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका निर्मात्याला माझी पटकथा आवडली. मानधन चार लाख ठरलं. पन्नास हजार सही करताना, उरलेलं ‘निर्मात्याच्या समाधानास उतरेल असा अंतिम ड्राफ्ट’ दिल्यावर. करार अकरा पानांचा होता. मी तो परतीच्या लोकलमध्ये उभ्यानं वाचला. म्हणजे रक्कम वाचली आणि तारीख वाचली.

टीडीएस कापून पंचेचाळीस हजार खात्यात आले. पेढे वाटले.

मग रात्री अकरानंतर व्हॉइस नोट येऊ लागल्या. “ताई, पंचाण्णव टक्के झालंय. फक्त सेकंड हाफ जरा टाइट करा. सोमवारी हिरोला नॅरेशन आहे.” दर वेळी सोमवारच. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी बाकावर बसून इंटरव्हल पॉइंट बदलला. मुलीच्या दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री खलनायकाचं पात्र काढून टाकलं आणि पुढच्या महिन्यात ‘तो होता तेच बरं होतं’ म्हणून परत आणलं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता संवाद मोजायचे. मार्चअखेर ऑफिसात बॅलन्सशीटची धांदल, इकडे पाचवा ड्राफ्ट. पैशांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, “अहो, अप्रूव्हल आलं की लगेच.” सातवा ड्राफ्ट पाठवल्यावर मात्र व्हॉइस नोट बंद. फोन उचलणंही बंद.

आठ महिन्यांनी माझ्या भाच्याचा फोन आला. तो एका शूटिंगवर सहायक दिग्दर्शकांच्या हाताखाली असतो. “मावशी, ही भाषा तुझी वाटते गं.” त्याने सीन पेपरचा, म्हणजे शूटिंगसाठी वाटलेल्या संवादांच्या कागदाचा, फोटो पाठवला. वर लेखक म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. आणि मधे नातू हाक मारतो, “अनूआजी, दार उघड!”

त्या सिनेमात अनूआजी कुणीच नाही. आजीचं नाव गोदा. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती अनसूया होती. चौथ्या ड्राफ्टला त्यांच्याच सांगण्यावरून मी कॉम्प्युटरला ‘अनसूया’च्या जागी ‘गोदा’ घालायला सांगितलं. लाडाचं ‘अनू’ त्याला सापडलं नाही, मलाही नाही. माझी चूक नव्या लेखकाने जशीच्या तशी उचलली होती.

वकीलबाई म्हणाल्या, पुरावा उत्तम आहे. नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितलंय, आणि इथे मांडणीच उचललीय. पहिला ड्राफ्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवलेला होता, पुढचे तारखेसकट ईमेलमध्ये. मग त्यांनी करार उघडला. पान आठ, ‘सर्व ड्राफ्टचे हक्क पहिल्या हप्त्यासोबत निर्मात्याकडे कायमस्वरूपी जातील.’ हक्क पन्नास हजारांत गेले होते. साडेतीन लाख अडकले होते त्यांच्या समाधानावर, आणि ते समाधान त्यांनी कधी होऊच दिलं नाही. करारात मुदत लिहिलेली नसती तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं असतं. त्यांनी ‘कायमस्वरूपी’ लिहून ती वाटही बुजवली होती.

लिहिणाऱ्यांनी सही करण्याआधी एवढं बघाच. हप्ता ड्राफ्ट दिल्यावर मिळतो की मंजुरीवर? मूळ मानधनात किती रीराइट येतात, आणि त्यापुढच्या प्रत्येकाचे किती? हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर जातात की आधीच? ड्राफ्टवर निर्मात्याचं उत्तर किती दिवसांत येणार, नाही आलं तर ड्राफ्ट मंजूर धरायचा का? समोरचा चिडला तर चिडू दे.

अजून एक लाजिरवाणी गोष्ट. मी हिशेबनीस, पण स्वतःचं २६एएस, म्हणजे कापलेला कर सरकारजमा झाला का ते दाखवणारं पत्रक, वर्षभर उघडलं नव्हतं. कापलेल्या पाच हजारांची त्यात नोंदच नाही. म्हणजे तेही बहुधा भरलेले नाहीत.

तक्रार असोसिएशनच्या वाद मिटवणाऱ्या समितीपुढे आहे. परवा निर्मात्याची व्हॉइस नोट आली, “ताई, राग धरू नका. नवीन विषय असेल तर वनलाइन पाठवा.” मी २६एएसचा स्क्रीनशॉट पाठवला. दोन निळ्या टिक दिसतायत.