खरी माहिती, खोटं पत्र: पुस्तकाच्या नावाखाली गेलेली वर्गणी

नवी मुंबईत बेलापूरला आमची जी आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वस्ती आहे, तिची रचना आणि बांधकाम यांवर सचित्र पुस्तक काढायचं म्हणून आम्ही काही रहिवाशांनी वर्गणी काढली आणि 'सगळं आमच्यावर सोडा' म्हणणाऱ्या एका पुस्तक-निर्मितीवाल्याला काम दिलं. पैसे गेले, पुस्तक आलंच नाही. तोच गृहस्थ आता ठाण्यात दुसऱ्या एका वास्तूसाठी मंडळं गाठतोय, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी रक्कम त्याने उकळली ती या वस्तीचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचे मूळ नकाशे छापण्याच्या 'परवानगी'साठी. बोलणं पटण्यासारखं होतं. कोरियांनी आपला संग्रह लंडनच्या वास्तुविशारदांच्या संस्थेला दिला हे खरं. ते २०१५ साली गेले आणि आपल्या कायद्यात नकाशांवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, हेही खरं. एवढ्या खऱ्यात ईमेलने आलं म्हणून दाखवलेलं परवानगीचं एक खोटं पत्र सहज खपून गेलं. मूळ ईमेल पुढे पाठवा म्हटलं, तर उत्तर आलं, "तो फॉरवर्ड होत नाही हो."

पितळ उघडं पडलं डमीत, म्हणजे पुस्तकाच्या नमुना प्रतीत. १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या वस्तीची मेख अशी, की कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड, ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं, आणि शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर वाढवायचं. डमीतल्या 'मूळ' नकाशात घरं चाळीसारखी चिकटलेली! आमच्यातले एक काका आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. त्यांनी पान बघताक्षणी विचारलं, "अहो, या मधल्या माणसाने खोली काढायची कुठे?" यावर, हा म्हणे 'प्राथमिक आराखडा'.

मग बाकीचं उकरलं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे लावलेले. तो आपल्याकडे सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो. बाहेरून इमारतीचे फोटो काढायला 'कॉपीराइट परवाना' लावलेला; इमारतीचा फोटो काढणं कायद्याने कॉपीराइटचा भंग ठरतच नाही. फोटोही काढलेले नव्हते, इंटरनेटवरून उचललेले होते, जेमतेम ८०० पिक्सेलचे. ११ इंच रुंद पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३,३०० पिक्सेल लागतात. 'छपाईत उठून दिसेल' म्हणे. कागद आणि बांधणीबद्दल न बोललेलंच बरं.

पोलिसांत सुरुवातीला 'हा दिवाणी मामला' असं ऐकावं लागलं, कारण प्रत्येक पावतीवर त्याने धूर्तपणे 'सल्ला शुल्क' लिहिलं होतं. आम्ही ज्यांच्या नावाचं पत्र होतं त्यांनाच लिहून विचारलं. असं पत्र दिलेलं नाही, हे त्यांचं उत्तर जोडल्यावर फसवणुकीची तक्रार घेतली गेली. तुमच्या मंडळाला त्याने असं पत्र पाठवलं असेल, तर व्हॉट्सॲपवरचा मूळ मेसेज पुसू नका. आमच्याकडे पोलिसांनी प्रिंट बाजूला ठेवली आणि फाइल मागितली.