मेटल हॅलाइड काढून एलईडी हायबे: समुद्राकाठच्या इमारतीत अकरा महिने

रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला आमचं तीन मजली व्यापारी संकुल आहे, त्याची लाईटची देखभाल माझ्याकडे. मधल्या चौकात 35 फुटांवर 250 वॅटचे 12 मेटल हॅलाइड (जुन्या पद्धतीचे, वायूच्या नळीचे) दिवे होते. गेल्या दसऱ्याला ते उतरवून 100 वॅटचे एलईडी हायबे, म्हणजे उंच छतासाठीचे दिवे, चढवले. आता गणपती होऊन गेले, म्हणजे अख्खा पावसाळा या दिव्यांनी अंगावर काढलाय.

आधी सुख सांगतो. जून-जुलैत आमच्याकडे लाईट सारखी ये-जा करते. मेटल हॅलाइड एकदा विझला की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. जनरेटर लागला तरी दहा-पंधरा मिनिटं चौकात काळोख, आणि जिन्यात म्हातारी माणसं कठडा धरून उभी. यंदा हे एकदाही झालं नाही. शिवाय चोक धरून जुना दिवा पावणेतीनशे वॅट ओढायचा. दिवसाला दहा तास धरले तर बारा दिव्यांचे रोज 21 युनिट वाचतात.

पण इतक्या उंचीवर खरा खर्च चढण्याचा. एक दिवा बदलायचा तर रविवारी परांची उभी करा, एमसीबी पाडून कुलूप लावा, पट्टा बांधून एक जण वर, दोघे खाली. म्हणून जुलैत दोन हायबे विझले तेव्हा पोटात गोळा आला.

उतरवून टेबलावर उघडले. एलईडीची पाटी स्वच्छ, एकही ठिपका जळालेला नाही. गेला होता ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारा भाग. ग्लँड, म्हणजे वायर आत शिरते तिथलं घट्ट बूच, सैल राहिला होता, तिथून वायरीच्या कडेने खारं पाणी आत उतरलेलं. टर्मिनलवर हिरवट थर, आणि झाकणाचे लोखंडी स्क्रू गंजून बोटाने भुगा होईल असे. खोक्यावर आयपी 65 होतं, पण ते धूळ-पाण्याचं. मिठाच्या गंजाबद्दल ते काही सांगत नाही. विक्रेत्याने 'खाऱ्या हवेचं नुकसान वॉरंटीत येत नाही' म्हणून हात वर केले. किनाऱ्यावर माल विकताना हे आधी सांगायला हवं होतं, याचा राग अजून आहे.

मग परांची उभी होतीच, तेव्हा बाराही ड्रायव्हर बाहेर काढून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, हात पोचेल अशा उंचीवर बंद पेटीत बसवले. स्क्रू 316 जातीच्या स्टेनलेसचे घेतले. नेहमीच्या 304 पेक्षा ते मीठ जास्त सोसतात. प्रत्येक वायरीला ग्लँडच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी आत न जाता तिथेच ठिबकतं. ऑगस्टात आणखी एक ड्रायव्हर गेला. वायरमनने गॅलरीत उभ्या उभ्या वीस मिनिटांत बदलला, दुकानं चालू असताना.

उजेडाची एक तक्रार खरी होती. 6500 केल्विनच्या (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढऱ्या उजेडात साडीचा रंग दुकानात एक आणि चौकात दुसरा दिसायचा. पुढचे चार 4000 केल्विनचे केले, तेव्हा साडीवाले शांत झाले.

हायबे घेणार असाल तर दुकानातच झाकण उघडून दाखवायला सांगा. ड्रायव्हर स्क्रूवर असेल, सुटा निघत असेल, तर घ्या. रिव्हेट मारून बंद केलेला असेल, तर कितीही स्वस्त असो, 35 फुटांवर चढवू नका.