इंधन वाचवणारे टायर, १८५/६५ आर १५: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गाडी स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल. टायरचं माप कंपनीने दिलेलंच ठेवलं, १८५/६५ आर १५ ८८एच (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची; ८८एच चा अर्थ पुढे येतो). जुने टायर गोटा व्हायला आले होते, नक्षी जेमतेम दोन मिलिमीटर उरली होती. त्यांच्या जागी जूनच्या तोंडावर चारही टायर लो रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे गडगडताना कमी विरोध करणारे, टाकले. त्यानंतर अख्खा पावसाळा, हिवाळा आणि आता कडक उन्हाळा झाला. रस्ते म्हणाल तर पुणे शहरातली गर्दी, एक्स्प्रेसवे, साताऱ्याचा महामार्ग आणि अधूनमधून ताम्हिणी घाट.

निकाल आधीच सांगून टाकतो. ॲव्हरेज खरोखर वाढलं, साधारण दोन टक्के. पण गाडीच्या डिस्प्लेवर ही वाढ शून्य दिसते. नवीन टायर टाकल्यावर "ॲव्हरेज पडलं" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत नेमकं हेच होत असतं, म्हणून आधी हा हिशोब मांडतो.

१८५/६५ आर १५ चा नवा टायर साधारण ६२१ मिमी व्यासाचा असतो. नवीन असताना नक्षी ८ मिमी आणि घासून २ मिमी झाली, तर व्यास १२ मिमीने कमी होतो, म्हणजे जवळजवळ १.९ टक्के. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतं. चाक लहान झालं की तेवढ्याच अंतरात फेरे जास्त होतात आणि मीटरवर किलोमीटरही जास्त पडतात. हायवेला जुन्या टायरवर मीटरप्रमाणे ॲव्हरेज १८.५ येत होतं, ते खरं १८.१ ते १८.२ होतं. नव्या टायरवरही मीटर १८.५ च दाखवतं, पण आता किलोमीटर खरे आहेत. डिस्प्लेवरचं ॲव्हरेजही याच किलोमीटरवरून काढलेलं असतं, त्यामुळे चूक तिथेही तीच राहते.

मीटर किती चुकतंय हे तपासणं सोपं आहे. महामार्गावर किलोमीटरचे दगड पाहत सलग ५० किलोमीटर जा आणि ट्रिप मीटरशी ताडून बघा, किंवा फोनवरच्या जीपीएसशी. ५० च्या जागी मीटरने ५१ दाखवले तर काढलेलं ॲव्हरेज १.०२ ने भागायचं. हे काम जुने टायर काढायच्या आधी एकदा आणि नवे बसवल्यावर एकदा करा. बाकी पद्धत नेहमीचीच: एकच पंप, शक्यतो तेच मशीन, पहिला ऑटो कट झाला की थांबायचं, आणि एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

त्यात आणखी एक गोष्ट नव्या टायरच्या विरोधात जाते. घासलेल्या टायरवर रबर कमी असतं, म्हणून तो मुळातच हलका गडगडतो. रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे शेवटी काय, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकलेला रबराचा भाग दबतो, परत उसळतो, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. जास्त जाड रबर, जास्त उष्णता. त्यामुळे गोटा टायर आणि नवा टायर यांची तुलना नव्यावर अन्याय करणारीच असते. पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरला तर ॲव्हरेज १७.९ पर्यंत खाली आलं होतं. रबर रुळल्यावर ते वर सरकलं आणि १८.५ ला स्थिर झालं. पहिल्या टाकीवर टायरला नावं ठेवू नका.

आता फायदा कुठे मिळतो आणि कुठे नाही. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी झाला तर इंधन साधारण १ ते २ टक्के वाचतं, हा ढोबळ आडाखा जगभर वापरला जातो. स्विफ्टएवढ्या गाडीला ताशी ६० च्या आसपास टायरचा विरोध आणि वाऱ्याचा विरोध जवळपास बरोबरीचे असतात. ताशी १०० ला वाऱ्याचा विरोध टायरच्या तिपटीवर जातो. म्हणजे एक्स्प्रेसवेवर सतत शंभरने पळवणाऱ्याला टायरचा फायदा कमी जाणवणार. शहरात सिग्नलला उभं राहण्यात आणि ब्रेक मारण्यात इंधन जातं, तिथेही फरक आकड्यात पकडणं अवघड. राज्य मार्गावर ५० ते ७० च्या वेगाने एकसारखं चालवणाऱ्याला तो सगळ्यात स्पष्ट दिसतो. जाणवायचा म्हटला तर गाडी न्यूट्रलला सोडल्यावर जास्त लांब घरंगळते, आणि पुढे सिग्नल दिसल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा आधी काढावा लागतो. हे पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं.

निवड करताना दुकानदाराच्या "हा टायर ॲव्हरेज देतो" या वाक्यावर जाऊ नका, आकडा मागा. युरोपात टायरच्या लेबलवर इंधनासाठी ए ते ई असे वर्ग असतात. कारच्या टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्सचा आकडा ६.५ किंवा कमी असेल तर ए, ७.७ पर्यंत बी, ९.० पर्यंत सी, १०.५ पर्यंत डी, आणि त्यावर ई. हा आकडा टनाला किलो असा असतो. १० चा टायर म्हणजे एक टन वजनाची गाडी सपाटीवर नुसती ढकलत ठेवायला १० किलोचा जोर. डी मधून बी मध्ये आलात तर विरोध साधारण पाव हिश्श्याने उतरतो. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम करून रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा एआयएस-१४२ या वाहन मानकाप्रमाणे बंधनकारक केल्या. बीईईचं (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी) फ्रिज-एसीवर असतं तसं स्टार लेबल टायरसाठीही सुरू झालं आहे, पण दुकानातल्या प्रत्येक टायरवर ते मिळेलच असं नाही. लेबल नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला नेमकं माप आणि पॅटर्न (टायरच्या मॉडेलचं नाव) सांगून आकडा विचारा.

नेमकं माप यासाठी की एकाच पॅटर्नचा वर्ग मापाप्रमाणे बदलतो. १४ इंचाला बी असलेला पॅटर्न १५ इंचाला सी असू शकतो. ब्रिजस्टोन इकोपिया, मिशेलिन एनर्जी एक्सएम२+, योकोहामा अर्थ-१, एमआरएफ इकोट्रेड या मालिका आपल्याकडे इंधनबचतीच्या अंगाने ओळखल्या जातात. सीएट माइलेज एक्स३ किंवा अपोलो ॲमेझर ४जी लाइफ यांचा भर जास्त किलोमीटर टिकण्यावर आहे. टिकाऊपणा आणि इंधनबचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिकण्यासाठी नक्षी जाड ठेवली तर विरोध वाढतो, म्हणून एक आकडा चांगला असला की दुसरा चांगला असेलच असं धरून चालू नका.

इंधनाच्या वर्गापेक्षाही ज्याकडे आधी बघायचं ती गोष्ट म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड. रबरात काजळीच्या जागी सिलिका वापरल्यापासून कमी विरोध आणि ओल्यातली पकड दोन्ही एका टायरमध्ये मिळू लागले. स्वस्तातला टायर मात्र एकासाठी दुसऱ्याचा बळी देतो. युरोपियन लेबलवर पकडीचा एक वर्ग खाली गेलात की ताशी ८० वरून ब्रेक मारल्यावर थांबायला ३ ते ६ मीटर जास्त लागतात. पावसाळ्यात ताम्हिणीत वळणावर समोरून एसटी येते तेव्हा ३ मीटर फार असतात. इंधनाला बी आणि पकडीला बी असा टायर, इंधनाला ए आणि पकडीला डी अशा टायरपेक्षा केव्हाही घ्यावा. या टायरची ओल्या डांबरावरची पकड पूर्ण पावसाळाभर समाधानकारक वाटली. ओल्या काँक्रीटवर, त्यातही टोलनाक्यापाशी जिथे ऑइल सांडलेलं असतं, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थोडं लवकर लागतं.

दुकानात हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे "एक साइज वरचा टाका, गाडी भारी दिसते". इंधनासाठी टायर घेत असाल तर अजिबात ऐकू नका. १९५/६५ आर १५ टाकला तर व्यास २.१ टक्क्यांनी वाढतो. मीटर तेवढे किलोमीटर कमी दाखवतं, स्पीडोमीटरही प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू शकतं, पिकअप मरतो, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासण्याची शक्यता राहते. रुंद टायर वजनालाही जास्त. माप तेच ठेवा. ८८एच मधला ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० चा वेग. हे दोन्ही कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ द्यायचे नाहीत.

टायर बसवताना समोर उभं राहा. साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. १४२५ असेल तर २०२५ चा चौदावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला माल मागा. चारही टायर जवळपासच्या तारखेचे असू द्या. रबरी वॉल्व्ह नवे टाकायला सांगा, ते किरकोळ किमतीत येतात, आणि जुना वॉल्व्ह तडकून हळूहळू हवा गेली तर टायरवर खर्च केलेले पैसे वाया. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग दाखवतो, तो वॉल्व्हसमोर आला पाहिजे. बॅलन्सिंगला एखाद्या चाकाला ५०-६० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर वजनं चिकटवत बसू नका, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला लावा. बऱ्याचदा आकडा खाली येतो.

अलाइनमेंटची आधीची आणि नंतरची प्रिंट घ्या आणि त्यात 'टो'चा, म्हणजे चाकांची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळली आहे त्याचा, आकडा बघा. टो बिघडलेला असला की चाक सरळ गडगडण्याऐवजी थोडं फरफटत जातं. टायर कितीही चांगल्या वर्गाचा असला तरी तो फायदा तिथेच संपतो, आणि आतल्या किंवा बाहेरच्या काठाची नक्षी काही महिन्यांत करवतीसारखी होते. हात उलटसुलट फिरवून बघितलं तर ती धार बोटांना लागते. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून टोचतंय असं झालं की अलाइनमेंट गेलंच समजा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे टाका, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. ओल्यात मागची चाकं सुटली तर गाडी सावरता येत नाही.

आता हवेबद्दल, कारण इथेही बराच पैसा वाचतो. चारही टायरमध्ये १ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असली की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्यांनी उतरतं. ५ पीएसआय कमी म्हणजे १ टक्का गेला, अर्थात या टायरने कमावलेल्यातला अर्धा. आणि ५ पीएसआय कमी असलेला रेडियल टायर डोळ्यांना कळत नाही. दर महिन्याला १-२ पीएसआय हवा आपोआप जाते. शिवाय उन्हाळ्यात ३५ अंशाला ३३ पीएसआय भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशाला साडेतीन पीएसआयने कमी भरते.

खरी गडबड पंपावर होते. १०-१५ किलोमीटर चालवून गेल्यावर टायर तापून हवा ३६-३७ झालेली असते. हवावाला ती सोडून ३३ करतो. घरी येऊन गाडी थंड झाली की टायरमध्ये उरते २९-३०. "परवाच हवा चेक केली" म्हणणाऱ्याची गाडीही अशी महिनोन्महिने कमी हवेवर पळत असते. उपाय म्हणजे स्वतःचा डिजिटल गेज घ्या, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे हे लक्षात ठेवा. गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका. स्टिकरवर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, लांब जाताना तो वापरा. ॲव्हरेजच्या हव्यासापायी ४० भरू नका, नक्षी मधोमध घासते आणि खड्ड्याचा तडाखा थेट बसतो. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

तोट्याच्या बाजूला मुख्य गोष्ट साइडवॉलची. विरोध आणि वजन कमी ठेवण्यासाठी यातल्या बऱ्याच टायरची साइडवॉल हलकी असते. कमी हवेवर धारदार खड्ड्यात चाक आपटलं तर आतले धागे तुटून फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. म्हणून काही कंपन्या देतात ती अनकंडिशनल (रस्त्यावर झालेलं नुकसानही धरणारी) वॉरंटी बिल झाल्यावर लगेच नोंदवा, नोंदणीला मुदत असते. रोज खडी-मुरुमाच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी, शेतावर गाडी नेणाऱ्यांनी हा प्रकार घेऊच नये. आवाज डांबरावर जुन्यापेक्षा कमी आहे, काँक्रीटवर फारसा फरक नाही. लहान खड्डे थोडे कडक लागतात.

पैशांचं बोलायचं तर वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि सरासरी १५ चं ॲव्हरेज धरा. ८०० लिटर पेट्रोल लागतं, दोन टक्के म्हणजे १६ लिटर. सध्याच्या शंभरीपारच्या भावाने वर्षाला सोळाशे-सतराशे रुपये, चार वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास. चार टायरच्या किमतीतला फरक याच्या आत असेल तर घ्या. दर ८-१० हजार किलोमीटरला टायर आलटूनपालटून घेतले तरच ते एवढे टिकतात. ज्यांची गाडी वर्षाला पाच-सहा हजारच फिरते, त्यांचा टायर घासण्याआधी वयानेच कडक होणार आणि इंधनातून फरक वसूल होणार नाही. त्यांनी फक्त ओल्यातल्या पकडीचा वर्ग बघून टायर घ्यावा आणि गेजवर चार-पाचशे रुपये घालावेत.