फायरबेस क्लाउड मेसेजिंग: ग्राहकांना सूचना पाठवण्यासाठी भरवशाची लायब्ररी

ग्राहकांच्या फोनवर ऑर्डर, बिल किंवा भेटीच्या वेळेची सूचना पोहोचवण्यासाठी गूगलची फायरबेस क्लाउड मेसेजिंग ही लायब्ररी मी वापरतो आणि लहान व्यवसायाच्या अ‍ॅपसाठी तिची मनापासून शिफारस करतो. संदेश पाठवण्याला शुल्क नाही, शिवाय अँड्रॉइड, आयफोन आणि वेब या तिन्हींसाठी सर्व्हरवरचा कोड जवळपास एकच राहतो.

खरा अभ्यास लागतो तो संदेशाच्या प्रकारांचा. अ‍ॅप मागे चालू असताना आलेला 'नोटिफिकेशन' संदेश अँड्रॉइडवर थेट सूचनापट्टीत जातो आणि संदेश हाताळणारे आपले ऑनमेसेजरिसीव्ह्ड हे फंक्शन चालतच नाही. त्यामुळे मजकूर आपल्या कोडने फोनवरच घडवायचा असेल, तर फक्त माहिती नेणारा 'डेटा' संदेश निवडावा. संदेशाला ४०९६ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. म्हणून मराठीत लांबलचक मजकूर पाठवण्यापेक्षा ऑर्डर क्रमांक पाठवून उरलेला तपशील अ‍ॅपने सर्व्हरकडून मागवणे उत्तम.

टोकनची, म्हणजे प्रत्येक फोनवरच्या अ‍ॅपला मिळणाऱ्या ओळख-संकेताची, निगा मात्र आपणच राखायची असते. 'अनरजिस्टर्ड' (हे टोकन आता वैध नाही) असे उत्तर आले, की ते टोकन डेटाबेसमधून काढून टाकावे. सर्व्हरवरून संदेश पाठवण्याची जुनी पद्धत २०२४ मध्ये बंद झाल्यामुळे तिची 'सर्व्हर की' ही गुप्त किल्ली वापरणारी उदाहरणे आता निरुपयोगी आहेत. आताच्या एचटीटीपी व्ही१ या पद्धतीसाठी सर्व्हिस अकाउंट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारे गूगलचे खाते, लागते.

अँड्रॉइड १३ पासून सूचनांसाठी ग्राहकाची परवानगी घ्यावी लागते आणि ती नाकारली जाऊ शकते, म्हणून अत्यावश्यक निरोपासाठी एसएमएसची सोय ठेवावीच.